अस्वलाची गोष्ट वळिवड्यापासून सांगा

प्रति,
संपादक, ‘किशोर’ मासिक,
बालभारती, पुणे.



‘किशोर’साठी एक लेखमाला सुचवावी म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र खुलं ठेवलं, कारण यातलं निम्मं म्हणणं मुलांसाठी लिहिणाऱ्या सगळ्यांशीच आहे. विषय साधा आहे: युद्धात राबलेल्या प्राण्यांच्या खऱ्या गोष्टी.

कोल्हापुरातल्या एका ग्रंथालयात मी मुलांना गोष्टी सांगतो. पाचवी-सहावीच्या मुलांना या विषयाइतकं जागेवर बसवून ठेवणारं फार थोडं असतं. कबूतर, घोडी, अस्वल, खेचर, आणि भोवती तोफांचा मारा. गोष्ट संपायच्या आतच प्रश्न सुरू होतात. अडचण अशी की आपल्याकडे या गोष्टी येतात त्या बहुधा इंग्रजी पुस्तकांतून उचललेल्या आणि सगळ्या एकाच साच्यातल्या: जनावर शूर, मालक प्रेमळ, शेवटी पदक. त्या साच्यात बसवताना जनावराच्या शेजारी उभी असलेली माणसं कापली जातात. त्याला तिथे कुणी नेलं, खाऊपिऊ कुणी घातलं, कुणाला पैशांची गरज होती म्हणून ते विकलं गेलं, युद्ध संपल्यावर त्याचं काय केलं, हे काही कळतच नाही. ‘किशोर’ने ही माणसं गोष्टीत परत आणावीत, एवढंच माझं मागणं आहे.

सुरुवात वोयतेकपासून करावी असं मला वाटतं, आणि त्यात माझा कोल्हापूरकराचा स्वार्थ आहे.

वोयतेक हे अस्वल. दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैन्याच्या तोफखान्याला दारूगोळा पुरवणाऱ्या तुकडीत ते होतं. इजिप्तहून इटलीला जाणाऱ्या जहाजावर पाळीव प्राणी न्यायला बंदी होती, म्हणून त्याची सैनिक म्हणून रीतसर नोंद केली गेली. त्याला हुद्दा मिळाला, क्रमांक मिळाला. १९४४ मध्ये माँटे कॅसिनोच्या लढाईत ते तुकडीबरोबर होतं. पुढे तोफगोळा उचलून चालणारं अस्वल हेच त्या तुकडीचं बोधचिन्ह झालं. इथवरची गोष्ट सगळीकडे सापडते.

पण पोलंडचे सैनिक इराणच्या डोंगरात काय करत होते, जिथे त्यांना हे पिल्लू मिळालं? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात आणि पुस्तकं त्याला बगल देतात. उत्तर असं: १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघाने पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या लाखो माणसांना सोव्हिएत राजवटीने घरांतून उचलून सायबेरिया-कझाकस्तानात कामाला धाडलं. १९४१ मध्ये हिटलर सोव्हिएत संघावरच उलटला, तेव्हा त्या कैद्यांची सुटका झाली आणि जनरल आंडेर्स यांच्या हाताखाली त्यांतून एक सैन्य उभं राहिलं. १९४२ मध्ये लाखाहून अधिक पोलिश माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. त्यांत सैनिक होते, तशा बायका आणि पोरंही होती. उपाशी, तापाने फणफणलेली, कित्येक पोरकी. हमदानजवळच्या रस्त्यावर एका स्थानिक मुलाकडून जे पिल्लू विकत घेतलं गेलं, त्याची आई शिकाऱ्यांनी मारलेली होती. त्याचे पहिले काही महिने गेले ते तेहरानजवळच्या निर्वासितांच्या छावणीत. पिल्लू नंतर सैनिकांकडे गेलं. छावणीतल्या माणसांना जग जिथे जागा देईल तिथे जावं लागलं, आणि जागा देणाऱ्यांत आपण होतो. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांना ठेवून घेतलं. आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्यांच्या शाळा, चर्च, स्काउटांची पथकं, सगळं तिथे होतं. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि आज तिथे कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं गांधीनगर आहे. खरेदीला जाणाऱ्या किती घरांतल्या मुलांना हे ठाऊक असेल?

आता हीच गोष्ट कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या मुलाला सांगून बघा. अस्वल एकदम शेजारच्या गावाचं पाहुणं होतं. वॉर्सामध्ये माँटे कॅसिनोच्या स्मारकाला लागूनच वळिवडे-कोल्हापूर छावणीची स्मृतिशिला आहे. ती ओढूनताणून तिथे बसवलेली नाही, दोन्ही आठवणी एकाच वाटेवरच्या आहेत. आणखी एक धागा आहे. पोलिश सैनिक कॅसिनोच्या मठाच्या डोंगरावर चढत होते त्याच मे महिन्यातल्या चढाईत आठवी भारतीय डिव्हिजन खालच्या खोऱ्यात लढत होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. पुढच्याच वर्षी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले नामदेव जाधव याच पलटणीतले.

वोयतेकने कॅसिनोला खरोखर गोळे वाहिले का? काही सैनिकांच्या आठवणींत तो पेट्या उचलताना दिसतो, पण अभ्यासक त्याबाबत थोडे सावध आहेत. मुलांना हे असंच सांगावं. तो बियर प्यायचा, सिगारेटी चघळायचा, सैनिकांशी कुस्ती खेळायचा, याबद्दल मात्र वाद नाही. आमच्या वयाच्या माणसांनी अस्वल खेळवणारा दरवेशी पाहिलेला आहे. त्यामुळे हे वाचताना हसू येतं आणि जरा खटकतंही. ते खटकणं लेखातून पुसू नका, मुलं त्यावर फार चांगलं बोलतात. युद्ध संपल्यावर तुकडी स्कॉटलंडमध्ये मोडली. पोलंड सोव्हिएत वर्चस्वाखाली गेला होता, म्हणून अनेक सैनिक मायदेशी परतलेच नाहीत. अस्वल १९४७ मध्ये एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात गेलं आणि १९६३ मध्ये तिथेच वारलं. जुने सोबती कधी कधी भेटायला यायचे, आणि पोलिश कानावर पडली की ते मान वर करायचं असं सांगतात.

वोयतेकवरच मी इतका रेंगाळलो, आता बाकीच्यांकडे वळतो.

‘शेर आमी’ हे कबूतर अमेरिकेत घरोघरी माहीत आहे. ऑक्टोबर १९१८, फ्रान्समधलं आर्गोनचं जंगल. मेजर चार्ल्स व्हिटलसीच्या हाताखालचे सुमारे साडेपाचशे अमेरिकन सैनिक जर्मनांच्या वेढ्यात अडकले होते. त्यातच ४ तारखेला त्यांच्याच तोफखान्याचे गोळे त्यांच्यावर पडू लागले. मारा थांबवा, अशी चिठ्ठी पायाला बांधून शेवटचं कबूतर सोडलं गेलं. छातीत गोळी लागलेलं, एक पाय नुसता लोंबकळणारा, अशा अवस्थेत ते ढाबळीत पोचलं. वेढा सुटला तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आलेले सैनिक होते १९४.

इथे पहिली गोष्ट समजावून सांगायला हवी ती ढाबळीची. हे कबूतर निरोप ‘पोचवायला’ जात नाही. ते घरी जातं. कुठेही नेऊन सोडलं तरी ते आपल्या ढाबळीकडे उडतं, कारण तिथे दाणा आहे, जोडीदार आहे. सैन्याने त्याच्या या ओढीचा उपयोग करून घेतला. म्हणून निरोप एकाच दिशेने जाऊ शकायचा, म्हणून आघाडीवर कबुतरं टोपल्यांत भरून न्यावी लागायची, आणि म्हणून आघाडी सरकली की ढाबळीही गाड्यांवर चढवून सरकवाव्या लागायच्या. हे यंत्रासारखं उलगडून सांगितलं की विज्ञानाची आवड असलेली पोरंही कान टवकारतात. कबुतराला देशभक्ती चिकटवली की हे सगळं हातचं जातं.

दुसरी गोष्ट शंकेची. ती चिठ्ठी आणणारं कबूतर हेच होतं का, याची पक्की नोंद नाही, हे अमेरिकेतल्याच इतिहासकारांनी दाखवून दिलं आहे. पेंढा भरलेलं शेर आमी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात एका पायावर उभं आहे. ते नर की मादी, यावरही शंभर वर्षं घोळ होता. २०२१ मध्ये डीएनए तपासून तो नर असल्याचं ठरलं. एवढ्याशा पक्ष्यासाठी इतका तपास! मुलांना ही शोधाशोध मूळ गोष्टीइतकीच आवडते, हा माझा अनुभव आहे.

आणि तिसरी गोष्ट व्हिटलसीची. त्याला मोठं पदक मिळालं, सभा-समारंभांना बोलावणी आली, आणि तीन वर्षांनी एका जहाजप्रवासात तो रात्रीतून नाहीसा झाला. मागे ठेवलेल्या पत्रांवरून त्याने स्वतःला संपवलं हे उघड होतं. दहा वर्षांच्या मुलाला हे असं सांगू नये, हे मलाही कळतं. पण युद्धाने त्याची पाठ पुढेही सोडली नाही, एवढं एक वाक्य लेखात राहू द्या. बाकीचं मूल मोठं झाल्यावर शोधेल.

शंकेवरून आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. यशवंती घोरपड! दोर लावून कोंढाणा चढवणारी घोरपड आपल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ती आपल्याला मिळाली पोवाड्यातून. १६७० च्या त्या रात्रीबद्दलच्या इतिहासकारांच्या मांडणीत तिला जागा नाही. मालिकेत तिच्यावर एक पान असावं असं मला वाटतं, आणि भीती वाटते की तेच पान गाळलं जाईल. कुणाचा मान कमी करण्याचा यात प्रश्नच नाही. घोरपड नसेल तर काळोखात कडा चढणारे मावळे स्वतःच्या हातापायांच्या बळावर चढले. पोवाडा म्हणून तो ऐकावा, डफाच्या तालावर ऐकावा. इतिहास म्हणून काय मागावं हे मुलांना इथे, आपल्या गोष्टीवर शिकवलं, तर परक्यांच्या कबुतरावर शंका घेण्याचा हक्क आपल्याला येतो.

कोरियाच्या युद्धातली घोडी घ्या. अमेरिकन मरीन तिला ‘रेकलेस’ म्हणायचे. मार्च १९५३ मध्ये व्हेगास नावाच्या चौकीच्या लढाईत एका दिवसात तिने ५१ खेपा केल्या आणि ३८६ तोफगोळे डोंगरावर नेले. बऱ्याच खेपा एकटीने, लगाम धरायला कुणी नसताना. परतताना पाठीवर जखमी. दोनदा ती स्वतः जखमी झाली. पुढे तिला सार्जंट केलं. इथवर सगळं मरीनांच्या अभिमानाचं. आता घोडी आली कुठून ते पाहा. सोलच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर एका कोरियन तरुणाची ती लाडकी घोडी. त्याच्या बहिणीचा पाय सुरुंगात गेला होता. कृत्रिम पायासाठी पैसे हवे होते म्हणून त्याने ऑक्टोबर १९५२ मध्ये ती २५० डॉलरना विकली. ती नेली तेव्हा तो रडला म्हणतात. ५१ खेपांचा आकडा सगळ्या पुस्तकांत ठळक असतो, बहीण एका ओळीत उरकते. मला विचाराल तर गोष्टीचं पहिलं पान त्या बहिणीचं असायला हवं.

सुरुंगाचा विषय निघालाच आहे तर मागावाला विसरू नका. टांझानियात शिकवलेला हा मोठ्या जातीचा उंदीर कंबोडियात जमिनीत पुरलेले सुरुंग वास घेऊन शोधायचा. वजनाने हलका, त्यामुळे सुरुंगावरून चालला तरी तो फुटत नाही. त्याने शंभराहून अधिक सुरुंग आणि इतर स्फोटकं शोधली. २०२० मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए या संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं, तोवर हे पदक कुठल्या उंदराला मिळालेलं नव्हतं. लढाया संपून दशकं लोटली तरी शेतात पाय ठेवायची भीती असलेली गावं जगात आहेत, हे सांगायला याच्याइतका चांगला दूत नाही. लेख मात्र छोटा ठेवा, मागावाचं आयुष्य सुखाचं आणि बिनगुंत्याचं होतं.

आता आपल्या माणसांबद्दल. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शाळकरी मुलाला सिम्पसन आणि त्याचं गाढव माहीत असतं. १९१५ साली गॅलिपोलीच्या उतारांवर गाढवावरून जखमींना खाली आणणारा हा स्ट्रेचरवाला. उतरल्यापासून महिनाभरातच, १९ मे रोजी तो मारला गेला. तो मुक्कामाला असायचा एका भारतीय डोंगरी तोफखान्याच्या माणसांजवळ, कारण त्यांच्याकडे खेचरं होती आणि चारा होता. हे भारतीय तिथे काय करत होते? तोफांचे सुटे भाग खेचरांच्या पाठीवरून चढवत होते. आणि भारतीय खेचरगाड्यांची पथकं किनाऱ्यावरून पाणी, अन्न, दारूगोळा वर खंदकांकडे नेत होती. त्या खेचरवाल्यांना ‘द्राबी’ म्हणत. गाढवाचा पुतळा झाला. द्राबींचं नाव आपल्याकडच्या मुलांच्या पुस्तकात मी अजून पाहिलेलं नाही. १९४० मध्येही अशाच भारतीय खेचर कंपन्या फ्रान्समध्ये होत्या. डंकर्कहून माणसांना बोटींत जागा मिळाली, खेचरं मागे राहिली.

खेचरांतलं सर्वांत गाजलेलं आपलं नाव पेडोंगी. १९७१ च्या युद्धात ते पाकिस्तानी सैन्याच्या हाती लागलं. तिथे त्याच्यावर ओझी लादली गेली, आणि एक दिवस पाठीवर मशीनगन आणि काडतुसं असतानाच ते पळून आपल्या हद्दीत परत आलं. हे सांगताना वर्गात टाळ्या पडतात, पडू द्या. नंतर विचारा: ते कुठे आलं? ते आपल्या ठाणावर आलं, जिथे ओळखीचा हात खरारा करायचा आणि तोबरा बांधायचा तिथे. आर्मी सर्व्हिस कोअरने १९९२ मध्ये त्याला निळी मखमली झूल चढवून गौरवलं. मुळात म्हातारं झाल्यावर ते टिकलं, ते एका अधिकाऱ्याने त्याला मोडीत निघू दिलं नाही म्हणून. गोष्ट त्या अधिकाऱ्याचीही आहे.

कारण म्हातारपण हाच या सगळ्या गोष्टींचा अवघड भाग आहे, आणि तोच टाळला जातो. पहिलं महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. १९३० मध्ये डोरोथी ब्रूक ही बाई कैरोला आली, तेव्हा ते घोडे अजून दगडांच्या गाड्या ओढत होते, हाडं वर आलेली, काही आंधळे. तिने १९३१ मध्ये इंग्लंडच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ला पत्र पाठवलं. लोकांनी पैसे पाठवले, आणि तीन वर्षांत सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले गेले. त्यांतले बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना शांतपणे मरण देणं एवढंच करता आलं. १९३४ मध्ये तिने काढलेल्या दवाखान्यातून पुढे संस्था वाढली, आणि ती आज भारतातही काम करते. आपल्याकडे सेनेतले निवृत्त कुत्रे २०१५ पर्यंत बहुधा मारले जात. गोष्ट न्यायालयात गेली, धोरण बदललं, आणि आता मेरठला त्यांच्यासाठी निवारा आहे. झूम नावाचा कुत्रा २०२२ मध्ये काश्मीरच्या कारवाईत दोन गोळ्या लागून गेला, तेव्हा वर्तमानपत्रांची पानं भरली. ते योग्यच झालं. पण कारवाईतून जिवंत परतून म्हातारा झालेल्या कुत्र्यावर कुणी पान खर्च करत नाही. ते ‘किशोर’ करू शकतं.

भाषेबद्दल एक छोटं मागणं. प्राण्यांच्या तोंडी संवाद घालू नयेत. ‘मी माझ्या देशासाठी लढेन’ असं कबूतर म्हणू लागलं की ज्याने त्याला टोपलीत घातलं तो माणूस मोकळा सुटतो. ढाबळ, ठाण, मोतद्दार, तोबरा, खोगीर हे शब्द मात्र बिनधास्त वापरा. चित्र द्या, खाली नाव द्या, मुलं उचलतात.

शेवटी एक कामाची सूचना. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सैन्यात माणसं देणारी गावं आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर सैनिकांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावांत खेचर हाकलेले, घोडा राखलेले, कुत्रा शिकवलेले निवृत्त जवान नक्की भेटतील. मालिकेच्या पहिल्या लेखाबरोबर वाचकांना सांगा: गावात असं कुणी असेल तर जाऊन भेटा आणि विचारा. जनावराचं नाव काय होतं, ते काय खायचं, कशाला बिचकायचं, बदली झाल्यावर ते पुढे कुणाच्या हाती गेलं. ऐकलेलं लिहून पाठवा. सांगणाऱ्याला जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असंच लिहा. आलेल्यांपैकी चार-पाच मजकूर दिवाळी अंकात छापता आले तर पाहावं. कोल्हापूर-गांधीनगर परिसरातून काही जुळवायचं असेल, वळिवड्याच्या छावणीच्या आठवणी सांगणारी घरं शोधायची असतील, तर ते काम मी आनंदाने करीन. त्या पिढीतली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत, तेव्हा निर्णय जूनच्या आत झाला तर बरं.

कळावे,
आपला नम्र,
‘किशोर’चा एक जुना वाचक
कोल्हापूर